भरती, ओहोटी आणि हजेरीपट

या पुस्तकातल्या तिसऱ्या प्रकरणाचे नाव आहे ‘भरती’. हस्तलिखित चाळताना ते वाचले आणि डोळ्यांसमोर आधी पाणी आले. त्याला माझा इलाज नाही. पेडणे तालुक्यातल्या केरीत जन्मलेल्या माणसाला भरती म्हटले की तेरेखोल नदीचे मुख, पलीकडचा किल्ला आणि धक्क्याला लागणारी फेरीबोट दिसते. नोकरभरती, भरतीची जाहिरात, भरतीचे निकष हे सगळे त्याच्यामागून येते. लेखिकेला हे सांगितले तेव्हा ती म्हणाली, “काका, मग प्रस्तावनेत तेच लिहा. व्याख्या मी पुस्तकात दिल्याच आहेत.”

व्याख्या तिने चांगल्या दिल्या आहेत. मनुष्यबळ व्यवस्थापन हा विषय घेऊन पदवीला किंवा एम.बी.ए.ला बसणाऱ्या मुलांना जे जे लागते ते इथे आहे: मनुष्यबळाचे नियोजन, भरती आणि निवड, प्रशिक्षण, कामगिरीचे मूल्यमापन, मोबदला, औद्योगिक संबंध. या मुलांना पेपर इंग्रजीत लिहायचा असतो, मुलाखतही इंग्रजीत द्यायची असते. तरी विषय आधी आपल्या भाषेत कळावा म्हणून हे पुस्तक मराठीत आहे. ते का वाचावे हे सांगणे माझे काम, आणि ते मी माझ्याच एका चुकीपासून सुरू करतो.

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला बार्देशातल्या एका कारखान्याच्या टाइम ऑफिसात मी कारकून होतो. टाइम ऑफिस म्हणजे गेटाला लागून असलेली खोली. पंचिंगचे घड्याळ, कार्डांचा फळा, मस्टर, गेटपास, ओव्हरटाइमच्या चिठ्ठ्या. पहिली पाळी सकाळी सातची. तीन लेट मार्क झाले की अर्ध्या दिवसाचा पगार कापायचा, असा तिथला नियम होता. तेरेखोलहून येणारा एक हेल्पर दर महिन्याला या नियमात सापडायचा. महिन्यातले पाच-सहा दिवस उशीर, बाकीच्या दिवशी सातला दहा कमी असताना गेटावर हजर. विचारले तर खाली मान घालून “फेरी चुकली” एवढेच सांगायचा. आमचे साहेब बाहेरगावचे. रोज ज्याला फेरी मिळते त्याला अधूनमधून ती का चुकावी, हे त्यांना पटेना. शेवटी शो-कॉज निघाली. मसुदा मी टाइप केला. ‘सवयीने उशिरा येणारा’ हे शब्द माझे.

चौकशीच्या आदल्या दिवशी मस्टरवरून त्याच्या उशिराच्या तारखा कागदावर उतरवून घेत होतो. भिंतीवर कालनिर्णय होते. तारीख ताडून पाहायला त्याच्याकडे वळलो, तर तारखेखालची तिथी दिसली. अमावास्या, प्रतिपदा, द्वितीया. पंधरवड्याने पौर्णिमा, पुन्हा प्रतिपदा, द्वितीया. सगळे उधाणाचे दिवस. आमच्याकडे उधाणाच्या दिवसांत पहाटे पाच-सहाच्या सुमाराला ओहोटी पार तळाला जाते, नदीच्या मुखातली वाळू वर येते आणि पाणी चढेपर्यंत फेरी सुटत नाही. अष्टमी-नवमीला, भांगाच्या दिवसांत, असे होत नाही. हे केरीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. मलाही होते. पण टाइम ऑफिसच्या खुर्चीवर बसल्यापासून मी तारखांनीच विचार करायला लागलो होतो.

चौकशी झाली नाही. त्या पाच-सहा दिवसांपुरती दुसऱ्या पाळीतल्या एकाशी त्याची अदलाबदल करून दिली, सुपरवायझरने कुरकुरत मान्य केले आणि लेट मार्क थांबले. आधी कापलेले अर्धे अर्धे दिवस मात्र त्याला परत मिळाले नाहीत. मीही ते मागितले नाहीत, आणि आज चाळीस वर्षांनी मला त्याचेच जास्त वाईट वाटते.

पाठ्यपुस्तकांत याला ‘गैरहजेरी व उशिराचे विश्लेषण’ म्हणतात. लेखिकेने त्यावर साडेतीन पाने दिली आहेत आणि एक कोष्टकही. त्यात तिथीचा रकाना घाल, असे मी तिला सुचवले होते. तिने घातला नाही. बरोबर केले. साष्टीतल्या किंवा सोलापुरातल्या विद्यार्थ्याला त्याचा काय उपयोग? त्याच्या कारखान्यात फेरीच्या जागी शटल गाडी असेल, पाणी सोडायची वेळ असेल, आजारी सासू असेल. त्याचा रकाना त्याने शोधावा.

विषयाच्या नावावरूनच दोन मते आहेत. आमच्या वेळी ‘पर्सोनेल’ होते, सरकारी मराठीत ‘कार्मिक’. पुढे ‘ह्यूमन रिसोर्स’ आले आणि त्याचे ‘मानव संसाधन’ झाले. १९८५ साली केंद्र सरकारने शिक्षण खात्यालाच मानव संसाधन विकास मंत्रालय असे नाव दिले आणि २०२० मध्ये ते पुन्हा शिक्षण मंत्रालय केले. मला ‘संसाधन’ कधी रुचले नाही. डिचोलीच्या डोंगरातले लोहखनिज हे संसाधन. ते खणायचे, बार्जमध्ये भरायचे, संपवायचे. मराठीने ‘मनुष्यबळ’ हा शब्द घेतला तो अधिक शहाणा आहे. बळ राखावे लागते, ते वाढते, खचते आणि वेळ आली तर उलटतेही. लेखिकेने पुस्तकभर हाच शब्द वापरला आहे. बोलताना मात्र तीही ‘एचआर’च म्हणते. गेटावरचा वॉचमनसुद्धा “एचआरमध्ये जा” असेच सांगतो, त्याला कोण काय करणार.

पहिले प्रकरण इतिहासाचे. इंग्रजी क्रमिक पुस्तकांत हा इतिहास फ्रेडरिक टेलर आणि त्याच्या १९११ च्या ग्रंथापासून सुरू होतो आणि शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यात जाऊन पोचतो. तिथे १९२४ पासून दिव्यांचे प्रयोग झाले. उजेड वाढवला तेव्हा उत्पादन वाढले, कमी केला तेव्हाही वाढले. त्यातून आणि पुढच्या प्रयोगांतून एल्टन मेयो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असे मांडले की आपल्याकडे कोणी लक्ष देते आहे, आपण एका गटातले आहोत, या भावनेचा कामावर मोठा परिणाम होतो. हे आकडे नंतर अनेकांनी पुन्हा तपासले आणि गोष्ट इतकी सरळ नव्हती असे दाखवले. परीक्षेत मात्र ती सरळच लिहावी लागते.

लेखिका हॉथॉर्नला जाते, पण जाताना आधी परळला उतरते. हे मला फार आवडले. पेडण्याचा, सावंतवाडीचा, मालवणचा, रत्नागिरीचा माणूस मुंबईच्या गिरणीत कसा चिकटायचा? जाहिरात नव्हती, अर्ज नव्हता. गावचा किंवा नात्यातला एक जॉबर असायचा. तो खात्यात घालायचा, रजा तोच मंजूर करायचा, काढूनही तोच टाकायचा आणि या सगळ्याची दस्तुरी घ्यायचा. व्याजाने पैसेही अनेकदा त्याच्याकडूनच मिळायचे. भरती, प्रशिक्षण, शिस्त, कर्ज अशी आजच्या एचआरची चार खाती एका धोतरवाल्या माणसाच्या खिशात होती. १९२९ साली ब्रिटिश सरकारने मजुरांविषयी शाही आयोग नेमला, व्हिटली आयोग म्हणून तो ओळखला जातो. त्याने १९३१ च्या अहवालात सुचवले की भरती जॉबरच्या हातून काढून लेबर ऑफिसर नावाच्या स्वतंत्र माणसाकडे द्यावी. माझ्या खुर्चीचा जन्म तो. म्हणजे मुळात हे पद कारखान्याची शोभा वाढवायला नव्हे, तर एका माणसाच्या हातातली मनमानी काढून घ्यायला निर्माण झाले. कार्यालयात नेमणूक झालेल्या प्रत्येक नव्या पदवीधराने ही गोष्ट टेबलाच्या काचेखाली ठेवावी.

त्याच्याही आधीचे नाव नारायण मेघाजी लोखंडे यांचे. महात्मा फुल्यांचे सहकारी, ‘दीनबंधु’चे संपादक. १८८४ पासून त्यांनी गिरणी कामगारांच्या सभा भरवून मागण्या मांडल्या. त्यात आठवड्याची एक सुट्टी ही मागणी होती. १० जून १८९० रोजी मुंबईच्या गिरणीमालकांनी ती मान्य केली. रविवार हा देवाने किंवा इंग्रजाने आपणहून दिलेला नाही. या रविवाराकडे मी पुन्हा येणार आहे.

१९३६ साली मुंबईत नागपाड्याला सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क सुरू झाले. तीच आजची टाटा समाजविज्ञान संस्था. कामगार कल्याण आणि कार्मिक व्यवस्थापन हे विषय आपल्याकडे रीतसर शिकवले जाऊ लागले ते अशा समाजकार्याच्या शाळेतून. व्यापारशाळेच्या दारातून हा विषय नंतर आत आला. १९४८ च्या कारखाने कायद्याने पाचशे किंवा अधिक कामगार असतील तिथे कल्याण अधिकारी नेमणे सक्तीचे केले, आणि या पदांसाठी शिकलेली माणसे लागू लागली. १९७० च्या दशकाच्या मध्याला उदय पारीक आणि टी. व्ही. राव या अहमदाबादच्या आय.आय.एम.मधल्या दोघा प्राध्यापकांनी लार्सन अँड टुब्रोसाठी वेगळ्या मनुष्यबळ विकास विभागाची आखणी केली. तिथून ‘विकास’ हा शब्द या क्षेत्रात रुजला. माणसाचा हिशेब ठेवणे वेगळे आणि त्याला वाढवणे वेगळे, हे तेव्हा प्रथम संघटनेच्या आराखड्यात उतरले.

आणि मग १८ जानेवारी १९८२. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. पाठ्यपुस्तकांत हा संप एका परिच्छेदात आटोपतो. कोकणपट्टीत तो घराघरात आहे. कुठल्याही वाडीत विचारा, गिरणी बंद झाल्यावर गावाकडे परतलेला एखादा काका, मामा निघतोच. लेखिकेने विद्यार्थ्यांना अशा एका माणसाशी बोलून टिपण लिहायचा स्वाध्याय दिला आहे. तो तोंडी परीक्षेच्या भीतीने का होईना, पण मुलांनी करावा. ही माणसे आता थोडीच उरली आहेत.

गोव्यात हा विषय उशिरा आला, कारण कारखानेच उशिरा आले. पोर्तुगीज राजवटीच्या अखेरीला इथे खाणी होत्या, बार्जा होत्या, बंदर होते आणि घराबाहेर पडलेले तारवटी होते. मुक्तीनंतर कारखाने उभे राहू लागले, १९७३ च्या सुमाराला झुआरीची खते आणि उसगावला एम.आर.एफ. ही मोठी नावे आली. माझ्या पदवीच्या कागदावर मुंबई विद्यापीठाचे नाव आहे, कारण गोवा विद्यापीठ १९८५ साली सुरू झाले. १९९३ मध्ये फादर रोमुआल्ड डिसोझा यांनी रायबंदरला गोवा इन्स्टिट्यूट ऑफ मॅनेजमेंट सुरू केली. त्याआधी ते जमशेदपूरच्या एक्स.एल.आर.आय.चे संचालक होते, आणि कार्मिक व औद्योगिक संबंध या विषयासाठी देशभर नाव असलेली संस्था ती. पुढे रायबंदरची संस्था साखळीजवळ, सत्तरीतल्या पर्ये येथे गेली. पेडण्याच्या मुलांना आता वाणिज्याची पदवी घ्यायला म्हापसादेखील गाठावे लागत नाही. तालुक्यातच विर्नोड्याला सरकारी महाविद्यालय आहे, संत सोहिरोबानाथ आंबिये यांच्या नावाचे.

संस्था पर्येला गेली त्याच्या आसपासचीच गोष्ट. सप्टेंबर २०१२ मध्ये गोव्यातल्या खाणी थांबल्या. पुढे अटींसह सुरू झाल्या आणि ७ फेब्रुवारी २०१८ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर त्याच मार्चमध्ये पुन्हा बंद पडल्या. साखळी-डिचोलीच्या पट्ट्यात टेकडीवर मुले मनुष्यबळ नियोजन शिकत होती आणि खाली रस्त्याकडेला ट्रक गंजत होते. लेखिकेचे वडील त्यातल्याच एका ट्रकाचे मालक आणि चालक. या पुस्तकात तिने स्वतःविषयी एक ओळ लिहिलेली नाही, पण अकराव्या प्रकरणात तिने एक प्रश्न विचारला आहे, तो मला घरातूनच आलेला वाटतो. बँकेचे कर्ज काढून घेतलेला ट्रक, तो लावायचा एकाच कंपनीच्या खाणीवर, फेऱ्या ती ठरवणार, दर ती ठरवणार. हा माणूस उद्योजक की कामगार? खाण बंद झाल्यावर कायम नोकरीतल्याला काही ना काही भरपाईचा मार्ग असतो. ट्रकवाल्याला हप्ता तेवढा असतो. मनुष्यबळाच्या आराखड्यात त्याची नोंदच नव्हती, मग त्याच्या बेकारीची कुठून असणार?

हाच प्रश्न आज मोबाइलवर गिऱ्हाईक घेणाऱ्या टॅक्सीवाल्याचा आणि घरपोच जेवण आणणाऱ्या पोराचा आहे. सामाजिक सुरक्षा संहितेने २०२० मध्ये ‘गिग कामगार’ आणि ‘प्लॅटफॉर्म कामगार’ यांची प्रथमच व्याख्या केली. डिचोलीचा ट्रकवाला त्या व्याख्येच्या कितीतरी आधी तेच जगत होता. लेखिकेने या दोघांना एका प्रकरणात शेजारी बसवले, हे मला या पुस्तकातले सर्वांत मोलाचे काम वाटते. तिने त्याला जेमतेम चार पाने दिली, ही माझी तक्रार आहे. पुढच्या आवृत्तीत चौदा द्यावीत.

आमच्या पेडण्यात सध्या सगळ्या चर्चा मोपाला जाऊन थांबतात. तिथल्या मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळाचे उद्घाटन ११ डिसेंबर २०२२ रोजी झाले आणि ५ जानेवारी २०२३ पासून विमाने उडू लागली. विमानतळाच्या उद्घाटनाच्याच दिवशी धारगळला आयुर्वेद संस्थेचेही उद्घाटन झाले. तालुक्यातली मुले तेव्हापासून दोनच प्रश्न विचारतात. लोकलांना घेतात काय? आणि घेतात तर कुठे घेतात? दुसरा प्रश्न अधिक शहाणपणाचा. कुठल्याही आधुनिक विमानतळावर, मोठ्या हॉटेलात, औषधांच्या कारखान्यात एकाच छपराखाली सात-आठ मालक असतात. झाडलोटीचा कंत्राटदार वेगळा, सुरक्षेचा वेगळा, सामान हाताळणाऱ्यांचा वेगळा. गळ्यातल्या पट्ट्यावर एक नाव, पगाराच्या संदेशात दुसरेच. व्हिटली आयोगाने दारातून घालवलेला जॉबर खिडकीतून परत आला आहे, फक्त आता त्याच्याकडे जी.एस.टी. क्रमांक आहे. अशा वेळी विद्यार्थ्याला एक कलम पाठ हवे: कंत्राटदाराने वेतन दिले नाही तर ते देण्याची जबाबदारी मुख्य मालकावर येते. १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यात हे होते, नव्या कामगार संहितांतही आहे. हे माहीत असलेला एचआर अधिकारी आणि माहीत नसलेला, यांतला फरक महिन्याच्या दहा तारखेला गेटावर कळतो.

गोव्यात केरी नावाची आणखी गावे आहेत. सत्तरीतले केरी अंजुणे धरणाजवळचे, आणि एक केरी फोंडा तालुक्यातले. त्या फोंड्याच्या केरीचे नाव इथे घ्यायलाच हवे. तिथल्या पठारावर थापर-ड्यूपॉन्टचा नायलॉनचा कारखाना येणार होता. नोकऱ्यांची आश्वासने होती. लोकांनी पाणी, जमीन आणि आरोग्य यांचा विचार केला आणि कारखाना नको म्हटले. १९९५ च्या जानेवारीत आंदोलनावर गोळीबार झाला, निलेश नाईक हा तरुण मारला गेला. कारखाना गोव्यात झाला नाही, तो तामिळनाडूत गेला. मनुष्यबळ नियोजनाच्या पुस्तकात असे गृहीत असते की नोकरी देऊ केली की माणसे येतात. एका केरीने तसे नाही हे दाखवून दिले, आणि आम्ही दुसऱ्या केरीचे लोक मोपाच्या गेटावर बायोडाटा घेऊन उभे आहोत. दोन्ही खरे आहे. लेखिकेने हा प्रसंग घेतलेला नाही. तिच्या मते तो पर्यावरणाच्या पुस्तकातला. माझ्या मते तो भरतीच्या प्रकरणातला.

प्रशिक्षणाच्या पाचव्या प्रकरणात तिने दशावतार घेतला आहे, आणि तिथे मात्र मी काही सुचवायच्या आधीच तिने बाजी मारली. पेडणे आणि सिंधुदुर्ग हा दशावतारी मंडळ्यांचा मुलूख. मालक, राजपार्टी, स्त्रीपार्टी, खलपार्टी, हार्मोनियम, पखवाज, झांज. हंगाम कार्तिकातल्या जत्रांपासून पावसाच्या तोंडापर्यंत. संहिता लिहिलेली नसते. कथानक ठरते आणि संवाद रंगमंचावर समोरच्याला ऐकून उभे राहतात. नवा पोरगा रंगपटात बसून, मोठ्यांचे पाहून तयार होतो. कोणाला कोणता पार्ट, कोणाचा घसा बसला, कोण उचल घेऊन दुसऱ्या मंडळीत जाण्याच्या बेतात आहे, हे मालकाला सांजवेळेलाच कळलेले असते. कामावरचे प्रशिक्षण, उत्तराधिकाऱ्याची तयारी, टिकवणूक या तिन्ही कल्पना इतक्या थोडक्यात मी दुसऱ्या कुठल्या पुस्तकात वाचल्या नाहीत. रात्रीच्या नाइटीचे पैसे सोडले तर म्हातारपण, आजारपण यांची सोय या धंद्यात नाही, हेही ती त्याच पानावर सांगते. कौतुकाच्या भरात ते विसरली नाही.

आता रविवाराकडे येतो. सातवे प्रकरण मोबदल्याचे. या विषयाचे बहुतेक विद्यार्थी मास्लोचा त्रिकोण झोपेतही काढतात, पण पगाराची चिठ्ठी समोर ठेवली की अडखळतात. मी निवृत्तीपूर्वी कितीतरी मुलाखती घेतल्या. “तुझ्या पगारातून भविष्यनिर्वाह निधीला किती जातात?” या प्रश्नावर एम.बी.ए. झालेली पोरे छताकडे बघायची. बारा टक्के जातात, मालकही तेवढेच घालतो आणि मालकाच्या वाट्यातला एक भाग पेन्शनच्या खात्यात वळतो. ज्याला हे येत नाही त्याने नेतृत्वावर भाषण देऊ नये.

ग्रॅच्युइटीचे उदाहरण घ्या. शेवटचे मासिक वेतन, भागिले सव्वीस, गुणिले पंधरा, गुणिले नोकरीची वर्षे. १८,००० रुपये वेतन आणि दहा वर्षे नोकरी असेल तर १,०३,८४६ रुपये येतात. महिना तीस दिवसांचा, मग सव्वीस कुठून आले? रविवार वजा केले म्हणून. तीसने भागले असते तर तेच पैसे ९०,००० झाले असते. लोखंड्यांनी १८९० मध्ये मिळवलेला रविवार आज निवृत्त होणाऱ्या कामगाराच्या हातात तेरा हजार आठशे सेहेचाळीस रुपये होऊन पडतो. वर्गात हे सांगितले की मागच्या बाकावरची मुलेही मान वर करतात, असा लेखिकेचा अनुभव आहे.

या प्रकरणाने तिला छळलेही भरपूर. हस्तलिखित तयार होते आणि २१ नोव्हेंबर २०२५ रोजी चारही कामगार संहिता लागू झाल्या. एकोणतीस जुने कायदे त्यांत सामावले. ग्रॅच्युइटीचे सूत्र राहिले, पण मुदतीच्या करारावरच्या माणसाला ती मिळण्यासाठी पाच वर्षांऐवजी एक वर्ष पुरेसे झाले. कल्याण अधिकाऱ्याची अट पाचशे कामगारांवरून अडीचशेवर आली. मूळ पगार बारीक ठेवून भत्त्यांनी आकडा फुगवायचा जुना खेळ आता अवघड झाला आहे, कारण वगळलेले भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाले तर वरचा भाग वेतनातच धरला जातो. तिने सातवे आणि नववे प्रकरण पुन्हा लिहून काढले. बाजारातल्या अनेक जाड पुस्तकांत अजून जुनेच कायदे आहेत, हे विकत घेणाऱ्याने पाहून घ्यावे.

लैंगिक छळाच्या प्रतिबंधाचे प्रकरण छोटे आणि नेमके आहे. १९९७ चा विशाखा निकाल, २०१३ चा कायदा, दहा किंवा अधिक माणसे असतील तिथे अंतर्गत समिती, अध्यक्ष स्त्रीच. मूल्यमापनाचे सहावे प्रकरण मला भाबडे वाटले. वर्षातून एकदा भरलेल्या तक्त्यावर तिचा जेवढा विश्वास आहे, तेवढा मी ठेवणार नाही. त्या तक्त्यात वरिष्ठाच्या मनात गेल्या पंधरा दिवसांत जे घडले तेच उतरते. हे तिला तोंडावर सांगितले आहे. ती म्हणाली, “काका, तुमची सगळी मते तिथ्यांवर चालतात.”

भाषेविषयी एक गोष्ट उरली. इथली बरीच मुले सरकारी मराठी शाळेत चौथीपर्यंत शिकतात, पाचवीला इंग्रजीत जातात, घरी पेडणेकरी बोलतात आणि एम.बी.ए.च्या वर्गात तिन्ही विसरून सादरीकरणाची इंग्रजी शिकतात. शिकावीच. पण माझ्या नोकरीत कामगाराने खरी तक्रार इंग्रजीत केलेली मला आठवत नाही. ती “साहेब, माका बरा नाय” अशी सुरू व्हायची आणि चहा होईपर्यंत कळायचे की बरे नाही ते शरीराला नव्हे, सुपरवायझरने चारचौघांत उतरवले म्हणून. हे वाक्य ज्याला त्याच्या खालच्या अर्थासकट ऐकू येते, तो मुलगा तेरेखोलचा असो की डिचोलीचा, त्याच्याकडे पदवीच्या आधीच अर्धा अभ्यासक्रम आहे. खुर्चीवर बसल्यावर तो विसरायला किती थोडे दिवस लागतात, ते मी वर लिहिलेच आहे.

वाचकाला माझी एकच सूचना आहे. हे पुस्तक पहिल्या पानापासून वाचू नका, सातव्या प्रकरणापासून वाचा. घरात कोणाची जुनी पगाराची चिठ्ठी असेल तर ती समोर घ्या, आणि शेजारी कॅल्क्युलेटर ठेवा. आकडा जुळला नाही, तर आधी आपली बेरीज तपासा आणि मग कंपनीची.

केरी, पेडणे